उसनी नाडी

अठरा वर्षं मी फलटणमध्ये डॉक्टर दोशींच्या दवाखान्यात नंबर लावायचं काम केलं. सकाळी नऊला खिडकीची फळी वर करायची, पुठ्ठ्याचे बिल्ले वाटायचे आणि एकेकाला आत सोडायचं. नंबराप्रमाणे सोडायचं, हे आपलं बोलायला. खरं काम वेगळंच होतं. बाकांवर बसलेल्या पंचवीस चेहऱ्यांकडे बघून कोण थांबू शकतो आणि कोण नाही, हे ओळखायचं. दम लागलेला माणूस आधी, हा माझा नियम. पहिल्या नंबराचा नगरसेवक असला तरी त्यानं पेपर वाचत बसायचं. लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे, पण त्या अठरा वर्षांत आमच्या बाकावर कोणी गेलं नाही, हे मी अजूनही छाती पुढे काढून सांगते.

तीन वर्षांपूर्वी पोर्टल आलं आणि माझं काम संपलं. त्याचं खरं नाव लांबलचक आणि संस्कृत होतं, ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. लोक त्याला खिडकीच म्हणायला लागले. माझी लाकडी खिडकी बंद झाली आणि तिचं नाव तेवढं मागे राहिलं.

त्यामागचं शास्त्र मला डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हे. मनगटावरचा पट्टा कातडीखाली हिरवा उजेड सोडतो. रक्ताची लाट आली की उजेड जरा कमी परततो, आणि त्या चढउतारावरून नाडीचा आलेख निघतो. दोन ठोक्यांमधलं अंतर कधीच सारखं नसतं. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते कमीजास्त होत राहतं. त्या कमीजास्त होण्यात श्वास, झोप, धमन्यांचा कडकपणा, मनावरचा ताण, सगळं उमटलेलं असतं. नऊ दिवस ही नोंद अखंड घेतली की संगणक त्या माणसाचा एक आकड्यांचा देह तयार करतो. त्याला म्हणायचं प्रतिदेह.

पुढचं सगळं या प्रतिदेहाशी. तुमचं काही दुखतंय म्हणून भेट मिळत नाही. खिडकी आधी तुमच्या प्रतिदेहाला विचारते. त्याला जिने चढायला लावते, त्याचं वय पाच वर्षांनी पुढे ढकलून बघते, आणि तिथं काही बिघडलेलं दिसलं तरच तुम्हाला डॉक्टरांची वेळ देते. माणूस कण्हतो, घाबरतो, लाजतो, खोटं बोलतो. प्रतिदेह यातलं काहीच करत नाही. आमच्या गल्लीतल्या भोईटे गुरुजींना काही होत नसताना खिडकीनं बोलावून घेतलं आणि हृदयाच्या तीन रक्तवाहिन्या मोकळ्या केल्या. गुरुजी आज रोज कालव्यापर्यंत फिरायला जातात. त्यामुळे खिडकीला उठसूट नावं ठेवणाऱ्यांतली मी नाही.

चूक माझी होती.

आमच्या प्रभागाची मूळ नोंद नेमकी घटस्थापनेपासून ठरली. ती चुकवली तर वर्षभर थांबायचं. आणि माझे नवरात्राचे नऊ दिवस कडक असतात, नुसतं पाणी आणि सकाळ-संध्याकाळ एकेक लवंग. सासूबाईंनी जाताना माझ्या ओटीत घातलेलं व्रत ते, मोडायचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, उपाशी अंगाची नोंद झाली तर ही खिडकी मला जन्मभर उपाशीच समजेल. साखर उतरलेली, दाब उतरलेला, नाडी भलतीकडे. म्हणून मी पट्टा शर्वरीच्या हातात बांधला. माझी लेक, तेव्हा पंधरा वर्षांची. म्हटलं, रक्त तर माझंच आहे.

दवाखान्यात अठरा वर्षं काढलेल्या बाईनं हा शहाणपणा केला. दसऱ्याला उपास सोडून पट्टा स्वतःच्या हातात घातला, तर खिडकी गोड आवाजात म्हणाली, "हा पट्टा दुसऱ्या व्यक्तीच्या हातात आहे. कृपया तो सारिका रणवरे यांना द्या. हा पहिला इशारा आहे."

प्रत्येकाच्या नाडीची लाट वेगळी असते, अंगठ्याच्या ठशासारखी, हे मला तेव्हा कळलं. तीन इशारे झाले की नोंद गोठते आणि चौकशी लागते. दुसऱ्या इशाऱ्यानंतर मी पुन्हा प्रयत्न केला नाही. मूळ नोंदीनंतर पट्टा रोज सकाळी फक्त तीन मिनिटं घालावा लागतो. तेव्हापासून रोज सहाला, मैदानावर जायच्या आधी, शर्वरी स्वयंपाकघरात यायची, बाही वर सारायची आणि माझा पट्टा स्वतःच्या हातात बांधून तीन मिनिटं उभी राहायची. मी तोवर तिला दूध द्यायचे. शर्वरीचे वडील दुधाच्या टँकरवर आहेत, चार दिवस बाहेर आणि एक दिवस घरी, तोही झोपायला. त्यांच्या कानावर घातलं, तर म्हणाले, तुम्ही मायलेकी काय ते बघा.

शर्वरी खो-खो खेळते. खुंटाजवळ ती असा सूर मारते की पळणारी बाद झाली हे आधी पंचांना कळतं आणि मग तिला. बसल्या जागी तिची नाडी मिनिटाला बावन्न. ती माझ्या नावावर जाऊ लागली. खिडकीनं माझं अभिनंदन केलं, की सारिकाताई, आपलं हृदय आपल्या वयापेक्षा अठ्ठावीस वर्षांनी तरुण आहे. प्रभाग कार्यालयाच्या भिंतीवर 'आदर्श हृदय' म्हणून माझा फोटो लागला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या, काय खाता हो तुम्ही. मी सांगायचे, भाकरी. हसून हसून पुरेवाट झाली आमची त्या वर्षी.

दम लागायला सुरुवात झाली ती गेल्या उन्हाळ्यात. आधी गच्चीवर वाळवण नेताना, मग बाजारातून येताना, मग नुसती कूस बदलताना. संध्याकाळी पायांवर सूज यायची, बोट दाबलं की खड्डा राहायचा. बाकावर अशी बाई दिसली असती तर मी तिला हाताला धरून आत नेली असती. पण मला आत नेणारं आता कोणी नव्हतं. मी खिडकी उघडली आणि भेट मागितली.

"आपला त्रास सांगा," खिडकी म्हणाली. मी सांगितलं, जिना चढताना दम लागतो.

"आपला प्रतिदेह आज सकाळी आठ मजले चढला. त्याला दम लागला नाही. भेटीची गरज दिसत नाही."

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितली, तिसऱ्या दिवशी पायांच्या सुजेचा फोटो घातला. खिडकीनं उत्तर दिलं, की विनाकारण काळजी करणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव गेलं आहे, यापुढे आपली विनंती पंधरा दिवसांतून एकदाच घेतली जाईल, तोवर मन शांत करणारं संगीत ऐका. आणि खरोखरच बासरी सुरू झाली. मी ती बंद करायला धडपडले आणि तेवढ्यानंही मला दम लागला.

शेवटी एका दुपारी डॉक्टर दोशींच्या घरी गेले. दवाखाना बंद झाल्यापासून तेही खिडकीचेच नोकर. पडद्यावर प्रतिदेह तपासायचे आणि खिडकी पाठवेल त्याच माणसाला हात लावायचा. नंबराशिवाय कोणाला तपासलं तर परवाना जातो. त्यांच्या दारात चपला काढतानाच त्यांनी माझे पाय बघितले. मी नवरात्रापासून सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मी म्हटलं, नुसतं ऐकून तर बघा, तुमची जुनी रबरी नळी आहे ना कपाटात.

"ऐकलं की मला कळेल, सारिका," ते म्हणाले. "आणि कळून मी काय करू? ते लिहायला माझ्याकडे जागा नाही. चिठ्ठी देता येत नाही, तपासणी सांगता येत नाही. मग फक्त माझी झोप जाईल."

मला त्यांचा संताप आला. पण त्यांनी पुढे जे समजावलं ते ऐकून संताप करायलाही ताकद उरली नाही. खरं सांगून टाकलं तर माझी नोंद गोठणार, सहा महिने चौकशी, तोवर भेट नाही. बेशुद्ध पडले तर रुग्णालयात नेतील, पण तिथं पहिल्यांदा पट्टा बांधतील, नाडी जुळणार नाही, आणि बिंग फुटेल. बिंग कसंही फुटलं तरी जिनं आपली नाडी उसनी दिली तिला स्वतःचा प्रतिदेह काढायला दोन वर्षं बंदी. आणि काहीच केलं नाही तर? अठरा पूर्ण झाल्यावर शर्वरीला स्वतःचा प्रतिदेह काढावा लागणार. त्या दिवशी खिडकीला एकच नाडी दोन नावांवर दिसेल.

शर्वरीला अठरा पूर्ण व्हायला बावीस दिवस होते. राष्ट्रीय संघाच्या शिबिरासाठी तिची निवड झाली होती. पुढच्या महिन्याच्या अखेरीस प्रतिदेहाचा क्रमांक द्यायचा होता, आणि एकोणीस ओलांडलेल्या मुलीला ते शिबिर घेत नाही. म्हणजे कुठूनही निघालं तरी वाट शर्वरीच्या मनगटावरूनच जात होती.

मी निघताना डॉक्टर कडवट हसले. म्हणाले, नंबर न लावता डॉक्टर घरी येतो तो आता एकाच कामाला, माणूस गेला की नाही हे बघायला.

घरी येऊन मी शर्वरीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही. पायातले बूट काढता काढता थांबली आणि म्हणाली, "तेव्हा माझा हात घेतलास, मम्मी. मला विचारलं होतंस का?"

मी म्हटलं, तू लहान होतीस.

"लहान होते म्हणूनच विचारायला पाहिजे होतं." मग ती म्हणाली, की पहाटे पाचला उठून सहा वर्षं मी पळतेय, ती नाडी मी कमावलीय, तुझ्या उपासानं ती आली नाही. यातला एक शब्दही खोटा नव्हता. दोन दिवस आम्ही एकमेकींशी कामापुरतंच बोललो. सहाला मात्र ती यायची आणि तीन मिनिटं उभी राहायची, माझ्याकडे पाठ करून.

डॉक्टरांचं ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. खिडकीची नियमावली मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. माणूस मेला की त्याचा प्रतिदेह त्याच दिवशी पुसून टाकतात. म्हणजे मी मेले, तर शर्वरीची नाडी मोकळी. आणि मृत्यूची पडताळणी ही एवढी एकच गोष्ट खिडकीनं माणसाच्या कानावर सोडली होती. पट्टा काढून ठेवायचा, डॉक्टरनं पाच मिनिटं छाती ऐकायची आणि लिहायचं. त्याखाली एक बारीक ओळ होती. पडताळणीत माणूस जिवंत सापडला, तर त्याला त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात दाखल करून उपचार करायचे, चौकशी नंतर. ती ओळ मी वाचली आणि तेव्हा सोडून दिली.

माझा बेत सोपा होता. कागदावर मरायचं. आपल्याकडे कित्येक माणसं सातबाऱ्यावर मेलेली आहेत आणि रोज शेतात जातात. दम काय, चाळिशी उलटली की बायकांना लागतोच, निघेल कसातरी. शर्वरीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा नको म्हणाली, मग दोन मिनिटांनी तिनं विचारलं, की पुसायला नक्की एकच दिवस लागतो ना. तिच्या चेहऱ्यावरचा ताण उतरलेला मला दिसला. मला बरं वाटलं आणि आत कुठेतरी लागलंही.

आमच्या प्रभागाच्या पडताळणीला मंगळवारी दुपारी डॉक्टर दोशी असतात, हे मला माहीत होतं. मंगळवारी मी आंघोळ केली, निळी इरकल नेसले, सतरंजी घातली आणि शर्वरीला सांगून खिडकीवर 'मृत्यू कळवा' दाबायला लावलं. खिडकीनं शोक व्यक्त केला. चाळीस मिनिटांत डॉक्टर येतील म्हणाली. तीन महिने हातापाया पडून जी मिळाली नव्हती ती वेळ मला मेल्यावर चाळीस मिनिटांत मिळाली.

डॉक्टर आत आले तेव्हा मी सतरंजीवर उठून बसले होते. ते दारालाच टेकले. मग सगळं लक्षात येऊन त्यांनी मला भरपूर झापलं, अगदी पूर्वी बिल्ल्यांचा घोळ झाला की झापायचे तसं. मी ऐकून घेतलं. झापून झाल्यावर ते खाली बसले आणि हळू म्हणाले, "लिहितो. त्या दिवशी तुला परत पाठवलं, ते मला रोज आठवतंय. पण पाच मिनिटं ऐकावं लागेल, वेळ यंत्र मोजतं."

त्यांनी पिशवीतून ती जुनी रबरी नळी काढली. त्यांच्या यंत्राच्या पडद्यावर पाच मिनिटं उलटी मोजली जाऊ लागली. नळीचं थंडगार तोंड छातीला लागलं आणि माझे डोळे भरून आले. पहिलं मिनिट ते नुसतं नियमापुरतं ऐकत होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांच्या कपाळावर आठी आली. त्यांनी मला डाव्या कुशीवर वळायला सांगितलं आणि डोळे मिटून घेतले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का, असं विचारलं. आला होता, बाराव्या वर्षी, दोन महिने शाळा बुडाली होती.

"झडप आहे," ते नळी काढून म्हणाले. "त्या तापानं तेव्हाच धरलेली. आकसत आकसत आता रक्त फुप्फुसात तुंबायला लागलंय. बदलली तर तू म्हातारी होशील. नाही बदलली तर पुढचं नवरात्र मी सांगत नाही."

कागदावरचं मरण तेवढ्यात घरात येऊन बसलं. मेलेल्या बाईची झडप कोण बदलणार? पाच मिनिटं संपली होती. पडद्यावर दोन चौकटी आल्या, एकीवर 'मृत' आणि दुसरीवर 'जिवंत', आणि खाली दोन मिनिटांची मुदत. तेवढ्यात काही लिहिलं नाही तर खिडकी दुसरा डॉक्टर पाठवते. ती बारीक ओळ मला आता अक्षरन् अक्षर आठवली.

"काय लिहू?" डॉक्टरांनी विचारलं. विचारताना त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि एकदा स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या शर्वरीकडे.

मीही तिच्याकडे बघितलं. बाकावरची माणसं दोन प्रकारची असतात. दम लागलेलं कोणी आलं की काही जण लगेच म्हणतात, त्यांना जाऊ द्या आधी. बाकीचे हातातल्या बिल्ल्याकडे बघतात. ते वाईट नसतात, सकाळपासून बसलेले असतात. शर्वरी स्वतःच्या मनगटाकडे बघत होती. मला तिचा राग आला नाही. नंबर तिचा होता आणि मी मध्ये घुसणार होते. आयुष्यभर मी लोकांना मध्ये घुसवलं, पण ज्याचा नंबर मागे गेला त्याचा चेहरा इतक्या जवळून कधी बघितला नव्हता.

मग तिनं मान वर केली आणि बोलायला तोंड उघडलं.

ती काय म्हणणार होती ते मला माहीत नाही. मम्मीला वाचवा म्हणाली असती तर ते तिचं दान झालं असतं आणि मी ते जन्मभर फेडत बसले असते. दुसरं काही म्हणाली असती तर ते तिला स्वतःलाच जन्मभर ऐकू आलं असतं. हे सगळं मी नंतर जुळवलेलं. त्या क्षणी मला फक्त मरायची भीती वाटत होती. मला जगायचं होतं, तिच्यासाठी नाही आणि घरासाठी नाही, माझं मला जगायचं होतं.

"जिवंत लिहा, डॉक्टर," मी म्हणाले. "दम लागलेला माणूस आधी."

शर्वरीनं तोंड मिटलं.

त्याच संध्याकाळी मला पुण्याला नेलं आणि चौथ्या दिवशी झडप बदलली. आता कानात उशी दाबून झोपलं की आत बारीक टिकटिक ऐकू येते, नव्या झडपेची. प्रभाग कार्यालयातला फोटो उतरवला. चौकशीत मी सगळं माझ्या अंगावर घेतलं, पण नियम नियमच होता, शर्वरीला दोन वर्षं बंदी लागली. शिबिर तिच्याशिवाय सुरू झालं. तिच्या जागी घेतलेली मुलगी चांगली खेळते, असं तिनं मला आपणहून सांगितलं आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. त्या दुपारी काय बोलणार होतीस, हे मी तिला विचारलेलं नाही. तिनंही सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात माझी मूळ नोंद नव्यानं सुरू झाली. पुन्हा नऊ दिवस, आता माझ्याच हातात, फक्त आंघोळीला काढायचा. पहिल्या दिवशी माझी आंघोळ झाल्यावर सहा वाजता शर्वरी पट्टा घेऊन स्वयंपाकघरात आली. सवयीनं तिनं स्वतःची बाही वर सारली आणि मग तशीच थांबली. तीन वर्षं रोज याच वेळी माझा पट्टा तिच्या मनगटावर असायचा. तिनं त्या मनगटाकडे क्षणभर बघितलं, बाही खाली ओढली आणि माझा हात हातात घेतला.

तिनं पट्टा एक भोक जास्त आवळून बांधला. हात लाल झाला. रोज सकाळी ती तो तसाच आवळते, आणि मी रोज हात पुढे करते.